चुलीतलं पीठ

जुमादिल आगायच्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी एक चौकट उगवायची. तुमच्या सिस्टीमची मुदत संपली आहे, नवी सिस्टीम घ्या, असं तिच्यात रशियनमध्ये लिहिलेलं असायचं. आगाय नकोशा पाहुण्याकडे बघावं तसा तिच्याकडे बघायचा, चहाचा एक घोट घ्यायचा आणि कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून तिला घालवून द्यायचा.

"मुदत तर माझीही संपलीय," तो मांजराला सांगायचा. "मी चालतोय ना?"

आगाय म्हणजे मास्तर. चोंग-जार गावच्या शाळेत त्याने अडतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे निम्म्या गावाने त्याच्या हातचा मार खाल्लेला होता आणि उरलेल्या निम्म्याच्या आईबापांनी. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा तालाय मॉस्कोत टॅक्सी चालवत होता. घरात आगाय, मांजर आणि तो कॉम्प्युटर, एवढाच काय तो संसार.

पण त्या कॉम्प्युटरात अख्खं गाव होतं, शेजारच्या गावांसकट. तीन हजार चारशे बारा पुरुष. प्रत्येकाची एक ओळ: नाव, बापाचं नाव, कुठून आला. एकोणीस वर्षं आगायने म्हाताऱ्यांच्या उशाशी बसून ही नावं काढली. कुणी शुद्धीत सांगितली, कुणी वातात. एका बेरक्या म्हाताऱ्याने तर घोडीचं आंबवलेलं दूध पुढ्यात आल्याशिवाय आजोबाच्या मागे सरकायलाच नकार दिला होता. ते सगळे आता टेकडीवरच्या कबरस्तानात होते. ज्या वह्यांत ही नावं आधी उतरवली त्या वह्या, कोळसा मिळाला नाही त्या हिवाळ्यात चुलीत गेल्या. "सगळं मशीनमध्ये आहे की," असं म्हणून आगायने त्या स्वतःच्या हाताने घातल्या. मनातून तो थोडा खूशही झाला, कारण आता गावाचा वंश फक्त त्याच्या खोलीत राहत होता.

त्या तीन हजार चारशे बारांत बाई एकही नव्हती. वंशावळीत बायका घेत नाहीत, आणि आगायला ते कधी खटकलंही नाही.

ही यादी म्हणजे म्हाताऱ्याचा छंद नव्हता. इथे लग्न ठरताना पत्रिका बघत नाहीत, बाप मोजतात. मुलाचे सात आणि मुलीचे सात. सातांच्या आत कुठे दोघांचा एकच पूर्वज निघाला, तर ती दोघं भाऊबहीण. मग रडा, उपाशी राहा, नाहीतर डोंगरावरून उडी मारा, लग्न होत नाही. पूर्वी घराघरातले म्हातारे बाप मोजायचे. आता म्हातारे उरले नव्हते, म्हणून लोक आगायकडे यायचे, आणि आगाय कागद छापून द्यायचा. त्या कागदापुढे आजवर कुणी ब्र काढला नव्हता.

आता त्या तीन अक्षरांचं सांगायला हवं. सगळं रामायण त्यांच्यामुळेच घडलं. इथली भाषा रशियन अक्षरांत लिहितात, पण इथले तीन आवाज रशियनमध्ये नाहीतच, त्यामुळे कीबोर्डवरही नाहीत. राजधानी बिश्केकच्या छापखान्यातल्या एका मित्राने आगायला फार वर्षांपूर्वी एक फॉन्ट बनवून दिला होता. कधीच न लागणाऱ्या तीन चिन्हांच्या जागी त्याने ती तीन अक्षरं बसवली होती. सगळी यादी त्या फॉन्टात होती. बाकीचं जग फोनवर ती अक्षरं सरळ खातं. 'युय' म्हणजे घर आणि 'उय' म्हणजे गाय, पण 'यु'ला अक्षर नाही म्हणून पोरं 'मी गायीत आहे' असं लिहून पाठवतात आणि आया समजून घेतात. मराठी माणसाचा ळ काढून घेतला तर काळ आणि काल एकच होईल, तशातली गत. मेसेजमध्ये भागतं, कारण काही कळलं नाही तर उलट विचारता येतं.

फेब्रुवारीत व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम बंद पडला. जुन्या सिस्टीमवर यापुढे चालणार नाही, असं म्हणून तो गप्प झाला. मॉस्कोतली नात तेव्हा सात महिन्यांची होती आणि तिला नुकते दोन दात आले होते. आगायचा फोन बटणांचा. त्यात दात दिसत नव्हते.

"बाबा, किती दिवस सांगतोय, बदलून टाका ते खटारं," तालाय फोनवर म्हणाला.

"आणि माझी यादी?"

"यादीला काय धाड भरलीय? फाईल ती फाईल."

"तुला काय कळतं यादीतलं? स्वतःचे सात बाप तरी येतात का?"

"येतात की. सातव्याला जरा अडखळतो."

"अडखळतो म्हणे! मॉस्कोत कोण विचारणार तुला?"

पण दातांपुढे आगायचं काही चाललं नाही. एका रविवारी सकाळी ती चौकट उगवली तेव्हा त्याने फुलीवर न जाता 'हो'वर टिचकी मारली. मग नऊ तास तो खुर्चीत बसून राहिला. टक्के सत्तावीसवर येऊन बसले ते हलेनात. दुपारी वीज गेली, परत आली, तेव्हा टक्के पुन्हा एकपासून सुरू झाले. पाच वेळा मशीन आपणहून बंद पडलं आणि आपणहून सुरू झालं, आणि प्रत्येक वेळी आगायने मेलेल्या बायकोला हाक मारली. संध्याकाळी पडद्यावर कुठल्यातरी परक्या डोंगराचं चित्र आलं. खिडकीबाहेर खरा डोंगर उभा होता, त्याची मशीनला पर्वा नव्हती. नेहमीच्या जागी काहीच नव्हतं. प्रिंटरला मशीन ओळख दाखवेना. अर्धा तास शोधल्यावर यादी सापडली आणि आगायने ती उघडली. तीन अक्षरांच्या जागी सगळीकडे काळे चौकोन होते. अख्ख्या गावाला गोवर उठल्यासारखं दिसत होतं.

तालायने मॉस्कोत बसून मशीनचा ताबा घेतला. पडद्यावरचा बाण आपोआप इकडेतिकडे धावायला लागला. आगाय माउसवरचा हात काढून, दुसऱ्याच्या घरात आल्यासारखा मागे सरकून बसला.

"तुमचा फॉन्ट ही सिस्टीम घेतच नाही," तालाय म्हणाला. "थांबा. चौकोनांच्या जागी साधी अक्षरं टाकतो. 'यु' असेल तिथे 'उ'. सगळे असंच लिहितात."

"अरे, सगळे मेसेज लिहितात! हे मेसेज आहेत का?"

"नंतर आपल्या भाषेचा कीबोर्ड टाकून देतो, मग बसा सावकाश दुरुस्त करत. बघा, गेले की नाही चौकोन? बाबा, माझा पॅसेंजर येतोय हं."

चौकोन खरंच गेले. लगेच एक नवी चौकट आली: एकसारख्या ओळी सापडल्या आहेत, जास्तीच्या काढून टाकू? आगाय चष्मा सारखा करून वाचतोय तोवर बाण 'हो'वर जाऊन आला होता. खालच्या कोपऱ्यातला आकडा बदलला. तीन हजार तीनशे एकाहत्तर.

"तालाय! एकेचाळीस माणसं कुठे गेली?"

"दोनदा लिहिली असतील तुम्ही. वय झालं तुमचं. ही घ्या तुमची नात."

आणि पडद्यावर नात आली. दोन दात, गालावर सुकलेली खीर, सगळं इतकं स्वच्छ की हात लावावा. आगायच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यात एकेचाळीस माणसं वाहून गेली, आणि ही गोष्ट त्याला कुणी माफ करू नये.

पुढे मार्चभर त्याला ती एकेचाळीस माणसं टोचत राहिली. कोण होती, आठवेना. यादी जुन्या यादीवरच साठवली गेली होती, दुसरी प्रत नव्हती, वह्यांचा धूर कधीच झाला होता. तालाय कीबोर्ड आज टाकतो, उद्या टाकतो करत राहिला. आगायने गावात कुणाला काही सांगितलं नाही. आपल्या यादीत भोक पडलंय हे सांगायला जीभ वळायला हवी, ती वळली नाही.

एप्रिलमध्ये उमसुन त्याच्याकडे आली. उमसुन म्हणजे शामशीची विधवा. शामशीचा ट्रक खिंडीत कोसळला त्याला अकरा वर्षं झाली. त्याच्या घरात आता पुरुष म्हणून कुणी नव्हता, नुसती उमसुन आणि तिची मुलगी जिपार. जिपार गावच्या दवाखान्यात नर्स होती. सुई टोचतानाही माणसाला हसवणारी पोर.

"आगाय, आमच्या जिपारला मागणी आलीय," उमसुन म्हणाली. "खालच्या आक-ताश गावचा एरमेक. गुरांचा डॉक्टर."

"त्या एरमेकला मी ओळखतो. माझ्या वर्गात व्होल्गा नदी समुद्रातून डोंगरावर चढवली होती त्याने."

"आता सुधारलाय. परवा आमच्या त्या… त्या मॅं करणारीला सुई टोचून गेला."

आगाय हसला. उमसुनच्या या बोलण्याला सगळं गाव हसायचं. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नाही, आणि त्या नावात जो शब्द असेल तोही घ्यायचा नाही, ही इथली रीत. तिच्या सासऱ्याचं नाव होतं कोयचू, म्हणजे मेंढपाळ. म्हणून लग्न झाल्यापासून उमसुनच्या तोंडी मेंढी नव्हती, मॅं करणारी होती. बाकीच्या सुनांनी हे कधीच सोडून दिलं होतं. उमसुनने सासरा गेला तरी सोडलं नाही, नवरा गेला तरी सोडलं नाही.

"आमच्याकडे बाप मोजायला कुणी नाही," ती म्हणाली. "तुम्हीच मोजा. पोरीला कुणी कमी लेखू नये."

"काळजी करू नकोस. कागद घेऊन येतो."

मेच्या दुसऱ्या शनिवारी आक-ताशची माणसं आली. प्रिंटर आगायशी तीन दिवस हुज्जत घालत होता आणि त्याच सकाळी एकदाचा वळणावर आला होता. आगायने कागद न वाचताच घडी करून खिशात घातला आणि धापा टाकत उमसुनच्या घरी पोचला. जाजमावर बोरसोकांचा, म्हणजे तळलेल्या छोट्या पावांचा ढीग होता, मटण शिजत होतं. मुलाची आई इतकी घाईला आली होती की चहा ओतायच्या आधीच तिने जिपारला जवळ घेऊन तिच्या कानांत चांदीची कर्णफुलं घातली. मुलाकडच्यांनी कर्णफुलं घातली की मुलगी त्यांची झाली. जिपारने मान हलवून ती वाजवून बघितली आणि दारातून बाहेर बघून हसली. बाहेर अंगणात एरमेक उगाचच कुणाच्यातरी घोड्याचे दात तपासत होता.

एरमेकचा चुलता कापार हा त्यांच्याकडचा कर्ता. मोठा गडगडाटी माणूस.

"चला आगाय, बाप मोजून टाकू, म्हणजे मटण गार व्हायला नको," तो म्हणाला. "आमचे मला तोंडपाठ आहेत. पोराचा बाप साबिर, त्याचा आसान, त्याचा जोल्दोश, त्याचा माताय, त्याचा बाती, आणि सहावा कुलबाय. कुलबायच्या मागे आमच्याकडे काळोख आहे. कुठून आला, कुणाचा, त्याने कुणाला सांगितलं नाही. नाव कुलबाय, म्हणजे गुलाम असेल कुणाचा तरी, पळून आला असेल. आम्ही लपवत नाही."

सगळे हसले. आगायने कागद उलगडला आणि वाचायला लागला. "शामशी. कोयचू. नोगोय. बेर्दिके. मोमुन."

पुढचं नाव डोळ्यांनी आधी वाचलं आणि जीभ थांबली.

"सहावा?" कापारने विचारलं.

"कुलबाय," आगाय म्हणाला. "पुढे नोंद नाही."

आत पातेल्यावरचं झाकण तेवढं थडथडत होतं.

"दुसरा असेल," मुलाची आई म्हणाली. "एका नावाची काय दोन माणसं नसतात?"

"यादीत असे कुलबाय कितीजण आहेत, कुठून आले ते ठाऊक नसलेले?" कापारने आगायला विचारलं. त्याच्या आवाजातला गडगडाट गेला होता.

आगायने कागद खालून वरून बघितला. मार्चभर चाळलेल्या यादीत कुलबाय एकच होता, पण आपण दोन ओळी लिहिल्या होत्या असं त्याला वाटत होतं. लिहिल्या होत्या? की तालाय म्हणाला तसं वय झालं?

"एकच," तो म्हणाला.

मग कोपऱ्यातून एक आक-ताशचा म्हातारा खाकरला. कुलबायला दोन बायका होत्या असं आपण लहानपणी ऐकलंय म्हणाला. एक वरच्या गावात, एक खालच्या. दुसऱ्याने मान डोलावली. तिसऱ्याला थोरल्या बायकोचा पांढरा घोडासुद्धा आठवला. माणसाला एकदा भोक दिसलं की बुजवल्याशिवाय चैन पडत नाही, मग हाताला येईल ती माती चालते.

तेवढ्यात दारातून उमसुन म्हणाली, "आगाय, तो तो नव्हे."

हातात चहाची किटली घेऊन ती उंबऱ्यातच उभी होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"कोण कोण नव्हे?" कापार म्हणाला.

"तुमचा तो आमचा नव्हे. आमच्याचं नाव तसं नाही."

"मग कसं आहे? सांग की बाई. तुझ्या तोंडात साखर पडो!"

उमसुनचे ओठ हलले. अठ्ठावीस वर्षांची सवय आड आली. सासू, सासरा, नवरा, सगळे मातीत गेले होते, पण समोर डझनभर पुरुष बसले होते आणि ती त्या घरची सून होती. तिने पदरासारखा डोक्यावरचा रुमाल तोंडाशी ओढला.

"आमचा तो… चुलीतल्या पिठाचा," ती कशीबशी म्हणाली.

"चुलीतलं पीठ!" कापारला हसू आवरेना, आणि त्यात रागही होता. "आगाय, तुमच्या गावात पीठ चुलीत ठेवतात काय? मेंढीला मॅं करणारी, आता आजोबाला पीठ!"

पुरुष हसले. आगायच्या डोक्यात कुठेतरी काहीतरी हललं. क्षणभर त्याला पडद्याच्या कोपऱ्यातला तो आकडाही दिसला. पण तिथे आत बघायला गेलं तर एकट्या कुलबायवर थांबणार नव्हतं. एकोणीस वर्षांची अख्खी यादी हातात कुजकी निघाली असती, आणि तीही आक-ताशवाल्यांसमोर, एका बाईच्या बोलण्यावरून. तो ताठ बसला.

"उमसुन, बायकांनी यात बोलू नये," तो म्हणाला. "लेखणीने लिहिलेलं कुऱ्हाडीने तुटत नाही. लिहिलंय ते लिहिलंय."

उमसुन किटली घेऊन आत गेली.

मुलाच्या आईने जिपारच्या कानांतली कर्णफुलं काढली. एक पटकन निघालं. दुसऱ्याचा आकडा केसांत अडकला, तो सोडवताना ती बाई रडत होती आणि "दुखलं का ग, दुखलं का" विचारत होती. जिपार नाही म्हणाली. मटण कुणी खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी जिपार आगायच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"आगाय, तुम्ही वर्गात नकाशा उलटा लावायचात," ती म्हणाली. "आणि म्हणायचात, सांगा काय चुकलंय. सगळ्यांत आधी मी सांगायची. आठवतं?"

"आठवतं."

"मी रात्रभर विचार केला, मला काही सापडलं नाही. तुमच्या यादीत काही चूक नाही ना? तुम्ही नाही म्हणालात तर मी मानेन."

त्याला सांगता आलं असतं की एकेचाळीस माणसं हरवली आहेत, पोरी, आणि ती कोण हे मला ठाऊक नाही. तेवढं वाक्य पुरलं असतं. आक-ताशवाले निदान थांबले असते.

"चूक नाही," आगाय म्हणाला.

जिपारने मान डोलावली आणि गेली. अशा वेळी इथे उशीर लावत नाहीत, लोकांची तोंडं लवकर बंद करतात. एकोणिसाव्या दिवशी एरमेकचं लग्न झालं, नारिन शहरातल्या कुठल्याशा मुलीशी. तो नुसता बसून होता म्हणे, कुणी हात धरून उठवलं की उठायचा. जूनमध्ये जिपार मॉस्कोला गेली. तिथे एका गोदामात खोकी चिकटवायच्या कामाला लागली. नर्सची पाटी दवाखान्याच्या दारावर अजून तिच्याच नावाची होती.

उमसुनकडे चांगला फोन नव्हता, म्हणून दर रविवारी ती आगायच्या घरी यायची आणि त्याच्या नव्या सिस्टीमवर लेकीशी बोलायची. तिने आगायला कधी एका शब्दाने टोचलं नाही. उलट येताना दही आणायची, विधुराचं घर म्हणून जाताजाता भांडी घासून ठेवायची. आगायला ते शिव्यांपेक्षा जड जायचं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी कॉलला अजून अवकाश होता. उमसुनने चुलीचं दार उघडून आत बघितलं.

"आगाय, ही चूल घुसमटलीय. बादली द्या, यातलं पीठ बाहेर टाकून येते."

आगाय बादली घेऊन आला आणि मध्येच उभा राहिला.

"काय टाकून येतेस?"

"हे. चुलीतलं पीठ." तिने फावड्याने करडी राख उचलून दाखवली.

"याला तू पीठ का म्हणतेस?"

"आमच्या घरात म्हणतात." ती बादली भरत राहिली. "सून म्हणून आले त्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं, मॅं करणारीचं नाव घ्यायचं नाही आणि चुलीतल्या याचंही नाव घ्यायचं नाही. हे मोठ्या आजोबांचं नाव आहे म्हणाल्या. सगळ्यांत जुन्या."

राखेला इथे 'क्युल' म्हणतात. आणि गुलामाला 'कुल'. मध्ये एका अक्षराचं अंतर, तालायच्या बाणाने पुसलेलं. पोर जगावं, नियतीची नजर लागू नये म्हणून इथे नाव वंगाळ ठेवायचे. कुणीतरी आपल्या पोराला राख म्हटलं होतं. क्युलबाय एक ओळ, कुलबाय एक ओळ. बाप ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. एकसारख्या ओळी सापडल्या आहेत, काढून टाकू?

"क्युलबाय," आगाय म्हणाला.

उमसुनने झटकन रुमाल तोंडाशी धरला आणि भिंतीकडे वळली, काल लग्न होऊन आल्यासारखी. आगायने खुंटीवरचा कोट काढून एक हात बाहीत घातला, टोपी शोधायला लागला.

"कुठे निघालात?"

"आक-ताशला. कापारला सांगतो. पाया पडतो त्याच्या. एरमेकला…"

"बसा आगाय," उमसुन भिंतीकडे बघतच म्हणाली. "त्याच्या बायकोला दिवस गेलेत."

आगाय एका बाहीत हात घातलेला तसाच उभा राहिला.

"तू तेव्हा का नाही बोललीस?" तो ओरडला. खरं तर तो स्वतःवरच ओरडत होता, पण माणूस समोर असतो त्याच्यावर ओरडतो.

उमसुन वळली. तिच्या हातांना कोपरापर्यंत राख लागली होती.

"बोलले होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, लिहिलंय ते लिहिलंय."

कॉम्प्युटर वाजायला लागला. आगाय हलला नाही, तेव्हा उमसुननेच राखेच्या बोटाने, त्याने शिकवलं होतं तशी, हिरव्या गोलावर टिचकी मारली. पडद्यावर जिपार आली. मागे लोखंडी पलंग, दोरीवर दुसऱ्या कुणाचे तरी कपडे. केस तिने कानांमागे घट्ट बांधले होते.

"आई, हाताला काय लागलंय तुझ्या?"

उमसुन पडद्याच्या अगदी जवळ गेली. तिने रुमाल खाली ओढला. मग अंगणातल्या माणसाला हाक मारावी तितक्या मोठ्याने, तिने ते नाव घेतलं.

"क्युलबाय! तुझ्या सहाव्या बापाचं नाव क्युलबाय, जिपार. राख. त्यांचा तो गुलाम होता, आपला राख होता. दोन माणसं होती. तू आणि एरमेक कुणी लागत नव्हता एकमेकांचे."

जिपारचा हात वर गेला आणि रिकाम्या कानाच्या पाळीशी थांबला.

"आई," ती म्हणाली, "तुला ते म्हणता येत होतं?"

उमसुन राखेचे हात रुमालाला पुसायला लागली. नवी सिस्टीम उत्तम चालली होती. चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि आवाज कुठेही तुटत नव्हता.